दसऱ्याचे चिलखत: सोलापूर येथील संवर्धन प्रकल्पाच्या नोंदी

१० मार्च २०२५

वस्तू आज रीतसर आमच्या ताब्यात आल्या. संग्रहालयाच्या नोंदवहीत त्यांचे वर्णन 'लोखंडी चिलखत, टोपासह, जुने' एवढ्या चार शब्दांत उरकलेले आहे. प्रत्यक्षात ट्रंक उघडल्यावर मांड्यांपर्यंत येणारा कड्यांचा अंगरखा, छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पत्रे, कोपरापासून मनगटापर्यंतचे दोन दस्ताने आणि मानेवर कड्यांची झालर सोडलेला टोप असा जवळजवळ पूर्ण संच निघाला. चार पत्र्यांच्या जोडीला फारसीत 'चार आईना' म्हणजे चार आरसे म्हणतात आणि कड्यांच्या विणीला 'जिरह'. जिरेटोप या आपल्या शब्दात ती जिरह अजून टिकून आहे, मात्र कॅलेंडरावरच्या जिरेटोपात कड्या क्वचितच दिसतात.

ट्रंकेच्या तळाशी तपकिरीची पत्र्याची डबी होती. तीत अंगरख्यातून गळालेल्या ६३ कड्या निघाल्या. केव्हातरी कोणीतरी त्या केराबरोबर झाडून टाकण्याऐवजी वेचून ठेवल्या, ही फार मोठी गोष्ट आहे.

हा संच जिल्ह्यातील एका इनामदार घराण्याने दिलेला आहे आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला घोड्यावर बसणारा पुरुष तो अंगावर घालीत असे, एवढी माहिती अभिरक्षकांना तोंडी मिळालेली आहे. लढाईत तो कधी वापरला होता का, हा प्रश्न पाहणारा प्रत्येक जण विचारतो. आजच दोघांनी तो विचारला, आणि तिसऱ्याने तर हे अफझलखानाच्या भेटीच्या वेळचे आहे का, असेही विचारून पाहिले.

१२ मार्च

मोजमापे घेतली. अंगरख्याचे वजन ५.४ किलो भरले. कडीचा बाहेरचा व्यास सरासरी ९ मिलिमीटर आणि तारेची जाडी १.१ मिलिमीटर आहे. महत्त्वाचे म्हणजे कड्यांची टोके नुसती एकमेकांना भिडवलेली आहेत. लढाऊ जिरहेत कडीची टोके चपटी करून, एकावर एक ठेवून, त्यांतून बारीक मेख ठोकलेली असते, आणि पुष्कळदा अशा मेखवलेल्या कड्यांच्या ओळीला लागून अखंड कड्यांची ओळ येते. भिडवलेली कडी भाल्याच्या टोकाने सहज उघडते. १६८९ मध्ये अदोनी पडल्यावर आदिलशाही मुलखातील जी चिलखते बिकानेरच्या शस्त्रागारात गेली, ती दख्खनच्या युद्धातल्या कामाची साक्ष आहेत. आमच्यासमोरचा अंगरखा त्या जातीचा नाही. लोखंडी कड्यांत पितळी कड्या ओवून त्यावर शंकरपाळ्यांची नक्षी काढलेली आहे आणि ती पाठीपेक्षा छातीवर अधिक दाट आहे. हा अंगरखा पाहिला जावा म्हणूनच विणला गेला होता.

अभिरक्षकांना हे सांगितल्यावर ते थोडे हिरमुसले. मला मात्र काम सुरू होण्याआधीच त्याची दिशा स्पष्ट झाली. लढाऊ चिलखतावर आपण घावांच्या खुणा शोधतो. मिरवणुकीच्या चिलखतावर खुणा असतील त्या हातांच्या, फडक्यांच्या, घामाच्या आणि पूजेच्या.

१९ मार्च

तीन दिवस भिंगाखाली पाहणी चालली. चार आईन्याच्या छातीच्या पत्र्यावर मधोमध तळहाताएवढ्या गोलात सोन्याची वेलबुट्टी जवळजवळ पुसली गेली आहे आणि तिरप्या प्रकाशात त्या गोलात वर्तुळाकार बारीक ओरखडे दिसतात. घासणाऱ्याचा हात मधून सुरू होऊन बाहेर जात असे आणि कडेला पोहोचेपर्यंत त्याचा जोर ओसरत असे, हे त्या ओरखड्यांवरून अगदी सरळ वाचता येते. नक्षीच्या खोलगट भागांत पांढरी खडूसारखी भुकटी घट्ट बसली आहे. ती पितळ चकाकवण्याच्या पॉलिशची आहे. पट्ट्यांचे चामडे ज्या पितळी मेखांनी जोडले आहे, त्या मेखांभोवती हिरवा मेणचट थर जमला आहे, कारण चामड्यातील व तेलातील स्निग्ध आम्ले तांब्याशी संयोग पावून एक प्रकारचा साबणच तयार करतात. टोपाच्या कपाळपट्टीवर आणि दस्तान्यांच्या नक्षीत पिवळे व लाल कण आहेत.

संग्रहालयातून निवृत्त झालेले एक शिपाई आज मुद्दाम भेटायला आले. त्यांच्या आठवणीप्रमाणे खंडेनवमीच्या आधी सर्व शस्त्रे चिंच आणि मीठ लावून घासली जात, नंतरच्या काळात बाजारातले पॉलिश आले, आणि घासून झाल्यावर हळदीकुंकू, झेंडूची फुले व लिंबू वाहिले जाई. 'देवाचं आन् शस्त्राचं एकच हाय की, ताई', असे ते म्हणाले. त्यांना आम्ही दोष दिला नाही. त्यांच्याकडे वस्तू होती, जबाबदारी होती आणि कोणीही न शिकवलेला एक जुना, प्रामाणिक उपाय होता.

तरीही रसायनशास्त्राला कोणाची भीड पडत नाही. चिंचेतील आम्ल गंज उतरवते, मिठातील क्लोराइड मात्र लोखंडाच्या सूक्ष्म खड्ड्यांत जाऊन बसते आणि पुढच्या दमट हवेत तिथूनच गंज पुन्हा सुरू होतो. पितळी कड्यांपैकी ११ कड्यांना वाकाच्या बाहेरच्या बाजूला लांबट चिरा गेल्या आहेत. पॉलिशमधल्या अमोनियाचा संशय येतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या लष्करी तबेल्यांमध्ये ठेवलेल्या काडतुसांची पितळी टरफले पावसाळ्यात आपोआप तडकत; घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया आणि टरफले ओढून बनवताना पितळात राहिलेला ताण यांचा तो एकत्रित परिणाम होता, हे पुढे १९२१ मध्ये सिद्ध झाले. धातुशास्त्रात त्या तडकण्याला ऋतूवरून नाव पडले आहे. आमच्या कड्यांतही तार वाकवतानाचा ताण आहे आणि अमोनिया दरवर्षी मिळत होता.

२ एप्रिल

खोली काळ्या पडद्यांनी बंद करून अतिनील दिव्याखाली सर्व भाग पाहिले. जे पिवळे कण दिवसा जेमतेम दिसत होते, ते हिरवट पिवळ्या तेजाने उजळून निघाले. हळदीतील कर्क्युमिन असे उजळते. डाव्या दस्तान्यावर मनगटापासून वर जाणाऱ्या तीन ओळी दिसल्या आणि त्या बोटांच्या रुंदीच्या आहेत. फार जुन्या नसतील. कर्क्युमिन उजेडात झपाट्याने उडते, तेव्हा वस्तू ट्रंकेच्या अंधारात राहिली म्हणूनच त्या उरल्या. छायाचित्रे घेतली. तीन बोटे ओढण्याची ती रीत घरातल्या देव्हाऱ्यासमोर मी लहानपणापासून पाहिलेली आहे. त्यामुळे दिवा बंद केल्यानंतरही काही वेळ कोणी बोलले नाही.

९ एप्रिल

क्ष-किरण प्रतिदीप्तीचे, म्हणजे क्ष-किरण टाकून पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्ये आहेत ते दाखवणारे, हातात धरायचे यंत्र पुण्याहून एका दिवसासाठी भाड्याने आणले. सराफ बाजारात टंच काढण्यासाठी अशीच यंत्रे आहेत, ती का वापरत नाही, असे विचारले गेले होते. वस्तू इमारतीबाहेर नेता येत नाही हे एक, आणि सराफाचे यंत्र सोन्यातील भेसळ सांगण्यासाठीच जुळवलेले असते. लोखंडावरचा कागदाहून पातळ सोन्याचा थर पाहून ते काहीही आकडे सांगेल.

उजव्या दस्तान्यावरच्या कमळाच्या पाकळीवर पहिले मापन घेतले, तेव्हा पडद्यावर लोखंड, सोने आणि पारा दिसले. आम्हा दोघींना आनंद झाला, कारण पारा म्हणजे अग्निमुलामा असे समीकरण डोक्यात पक्के असते: सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप धातूवर देतात, तापवून पारा उडवतात, पण थोडा पारा सोन्यात अडकून राहतोच. यंत्राच्या आलेखात सोन्याचे मुख्य शिखर ९.७१ आणि पाऱ्याचे ९.९९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते, म्हणजे दोन्ही अगदी खेटून असतात, म्हणून दुसरी शिखरेही तपासली. पारा खराच होता.

मात्र त्याच पाकळीच्या दुसऱ्या टोकाला घेतलेल्या मापनात पाऱ्याचा मागमूस नव्हता. तिसरे मापन मुद्दाम लाल कण भरलेल्या खाचेवर घेतले. तिथे सोने कमी झाले आणि पारा वाढला. मग सगळे ध्यानात आले. पारा मुलाम्याचा नव्हता, तो हिंगुळाचा होता, म्हणजे पाऱ्याच्या त्या लाल गंधकी संयुगाचा. पूजेच्या लाल रंगाने आम्हाला जवळजवळ अर्धा तास चकवले. टोपाच्या कपाळपट्टीवर शिशाचे जोरदार शिखर आले, तेव्हा तिथला केशरी थर शेंदराचा, म्हणजे शिशाच्या संयुगाचा. सोन्याच्या स्वच्छ भागांवर आणखी सहा मापने घेतली. एकातही पारा नाही.

दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली जिथे सोने उडाले आहे अशा कडा पाहिल्या. लोखंडावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी स्पष्ट दिसली. हे कोफ्तगरीचे काम आहे: कारागीर पोलाद आधी सुरीसारख्या हत्याराने सर्व दिशांनी खरवडून खडबडीत करतो, सोन्याची बारीक तार नक्षीच्या वळणाने त्यावर ठोकून बसवतो, तापवतो आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटतो. सोने खाचेत खोल रुतवलेले नसते, ते त्या खडबडीला धरून असते. म्हणूनच वर्षानुवर्षे घासल्यावर ते असे सोलून गेले. पहिल्याच मापनावर अहवाल लिहून मोकळे झालो असतो तर एक चुकीची गोष्ट छापून आली असती. नोंद यासाठी केली की पुढच्या वेळी यंत्र लावण्याआधी अतिनील छायाचित्रे शेजारी ठेवायची.

पितळी कड्यांत जस्त सुमारे ३४ टक्के दिसते. जस्ताची माती तांब्याबरोबर कोळशात तापवून पितळ करण्याच्या जुन्या पद्धतीत हे प्रमाण साधारणपणे २८ ते ३० टक्क्यांच्या पुढे जात नाही. त्याहून जास्त जस्त मिसळायचे तर ते धातुरूपात हाती असावे लागते. राजस्थानातील जावर येथे जस्ताचे ऊर्ध्वपातन युरोपच्या कितीतरी आधीपासून होत असल्याने एवढ्यावरून काळ ठरवता येत नाही, आणि कडीच्या पृष्ठभागावरची रचना आतल्यासारखीच असेल असेही नाही. आकडा नोंदवला, निष्कर्ष काढला नाही.

शेंदूर आणि हिंगुळ सापडल्याने आजपासून मास्क, नायट्राइलचे हातमोजे आणि कापसाच्या बोळ्यांसाठी वेगळा बंद डबा सक्तीचा केला.

११ एप्रिल

बाहेर तापमान ४२ अंशांच्या आसपास आणि खोलीत दुपारची सापेक्ष आर्द्रता १९ टक्के. लोखंड खूश, चामडे हवालदिल. छातीच्या पट्ट्याला काल नसलेली चीर आज दिसली.

२३ एप्रिल

आजची चूक माझी आहे आणि ती तशीच लिहीत आहे.

चार आईन्याच्या पाठीच्या पत्र्याला आतल्या बाजूने जुन्या, पिवळ्या पडलेल्या लॅकरचा थर आहे. तो उतरवण्याची चाचणी म्हणून कोपऱ्यात ॲसिटोनचा बोळा फिरवला. लॅकर लगेच मऊ पडले. दुसऱ्या बोळ्यावर काळी छटा आली ती मी काजळी समजले, आणि तिसरा बोळा फिरवल्यावर उरलेल्या लॅकरखाली शाईच्या वळणदार रेघा दिसल्या. शाई धातूवर होती, लॅकर तिच्यावर चढवले होते, आणि लॅकरच्या पापुद्र्याबरोबर ती उचलली जात होती. काम तिथेच थांबवले.

ती मोडी अक्षरे आहेत. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना संध्याकाळी छायाचित्र पाठवले. त्यांनी 'नग चार' असे वाचले. त्याआधी एक अक्षर होते, त्याचा केवळ खालचा फाटा शिल्लक आहे. ते अक्षर माझ्या बोळ्यावर आहे. बोळा वाळवून, लेबल लावून काचेच्या बाटलीत ठेवला, याचा उपयोग काय असे सहकारिणीने विचारले नाही. लॅकर या पत्र्यावर तसेच ठेवण्याचे ठरले. अवरक्त छायाचित्राशिवाय आतल्या बाजूला कोणताही द्रावक लावायचा नाही, हा नियम आजपासून लागू.

६ मे

अस्तर. यावर धातूवाल्यांनी मत देऊ नये म्हणून पूर्व भागातील एका जुन्या विणकराला बोलावले. त्यांना सारे मामा म्हणतात; त्यांचे वडील हातमागावर होते आणि ते स्वतः चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षे होते. चहा बाजूला सारून त्यांनी धागे मोजायची काच लावली, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग अस्तराचा काठ बोटावर उलटा करून म्हणाले, 'मॅडम, हे मागावरचं नाही, मिलचं कापड आहे. काठ बघा की, कसा एकसारखा आलाय. हातानं असं होत नसतंय.'

त्यांनी दाखवल्यावर आम्हालाही दिसले. वरच्या गुलाबी कापडाच्या ताण्याबाण्याचे सूत एकसारख्या जाडीचे आहे. उसवलेल्या कोपऱ्यातून आत पाहिले, तर खाली दुसरे, जुने अस्तर आहे: हाताने कातलेले, कुठे जाड कुठे बारीक सूत, मध्ये कापूस घालून गोधडीसारखे धावदोऱ्याने शिवलेले. मिलच्या कापडाच्या आतल्या बाजूला निळ्या शाईतला अर्धा छाप आहे. त्यातला वाराचा आकडा वाचता येतो, मिलचे नाव शिवणीत गेले आहे. गिरण्यांच्या गावात चिलखताला गिरणीचे अस्तर लागले यात नवल नाही. पण त्याचा अर्थ असा की विसाव्या शतकातही हे चिलखत कोणीतरी अंगावर घालत होते, जुने अस्तर घामाने कुजले तेव्हा त्यावर नवे चढवले, आणि तेही दसऱ्याला शोभेल असा गुलाबी रंग निवडून. शिवण उसवायची नाही, असे एकमताने ठरले.

मामांनी जाताना कड्यांच्या अंगरख्यावरून हात फिरवण्याची परवानगी मागितली. हातमोजे दिले. 'हे पण विणकामच', एवढेच बोलले.

२७ मे

पाऊस या वर्षी फार लवकर आला. आठ दिवसांपूर्वी खोलीत २४ टक्के आर्द्रता होती, आज ७६. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वेळ आहे असे धरून आखलेले वेळापत्रक मोडले. अंगरखा आणि दस्ताने सिलिका जेलसह पॉलिथिनच्या तात्पुरत्या तंबूत हलवले. टोपाच्या झालरीवर तीन ठिकाणी नारिंगी ठिपके उठले आहेत. तिथल्या धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर पांढरा साका आला. क्लोराइड आहे. मीठ कोणत्या वर्षीचे कोण जाणे.

२ जून

नव्या काचपेटीसाठी सुचवलेल्या साहित्याची ऑडी चाचणी पूर्ण झाली. ब्रिटिश म्युझियममध्ये १९७० च्या दशकात रूढ झालेली ही साधी युक्ती आहे: बंद बाटलीत साहित्याचा तुकडा, थोडे पाणी आणि चांदी, तांबे व शिसे यांच्या घासून स्वच्छ केलेल्या पट्ट्या ६० अंशांवर २८ दिवस ठेवायच्या, आणि पट्ट्या किती बिघडतात ते पाहायचे. सुताराने आग्रहाने दिलेल्या प्लायवुडच्या बाटलीत शिशावर पांढरी बुरशीसारखी भुकटी आली. पेटीत अंथरण्यासाठी आणलेल्या काळ्या मखमलीने चांदी काळी केली. तिच्या रंगात गंधक असणार. दोन्ही नाकारले. भुकटी आलेली पट्टी सुताराला दाखवली, तेव्हा त्याने वाद घातला नाही. पावडर कोटिंग केलेला पोलादी सांगाडा आणि धुतलेले, न रंगवलेले सुती कापड असा निर्णय झाला.

८ जुलै

स्वच्छतेचा निर्णय व्हायला पाच आठवडे लागले. अभिरक्षकांचे म्हणणे होते की लोकांना चिलखत चकाकते दिसले पाहिजे, आणि ते म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ते चकाकावे यासाठीच केले गेले होते. माझे म्हणणे असे होते की या वस्तूचा खरा इतिहास नेमका त्या मळात आहे, जो आपण इतर वस्तूंवरून बिनदिक्कत काढून टाकतो. वाद मतांचा राहिला तर तो संपणार नाही हे ओळखून एक मोजता येणारी कसोटी ठरवली. जिथे सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड दाखवले किंवा जिथे मेणचट हिरवा थर धातू खात आहे, तिथे थर काढायचा, मग तो पूजेचा असो वा पॉलिशचा. जिथे हळद, हिंगुळ किंवा शेंदूर कोरडा आहे आणि खाली धातू शांत आहे, तिथे हात लावायचा नाही. पॉलिशची पांढरी भुकटी सगळीकडून काढायची; तिच्यात अपघर्षक आहे आणि ती ओलावा धरते.

या कसोटीने टोपाची झालर, उजवा दस्ताना आणि मेखा स्वच्छतेत आल्या. कपाळपट्टीचा शेंदूर आणि डाव्या दस्तान्यावरच्या तीन बोटांच्या ओळी राहिल्या.

२५ जुलै

काम मंद पण सरळ चालले आहे. हिरवा थर बांबूच्या टोकदार काडीने उचलून व्हाइट स्पिरिटने पुसला. गंजाचे ठिपके भिंगाखाली, हलक्या हाताने, मऊ काडीने. टॅनिक आम्ल लावावे का असे एकाने सुचवले होते. त्याने पोलाद निळसर काळे पडते, आणि पॉलिश केलेल्या पृष्ठभागाचा रंग कायमचा बदलतो. नाही लावले.

आजचा दिवस मात्र आठवणीत राहील. छातीच्या पत्र्यावर बक्कलेच्या चामड्याची जीभ ज्या जागी टेकते, ती जीभ प्रथमच पूर्ण वर उचलली. खाली दोन बोटे रुंद पट्टीत सोने अखंड होते, वेलीच्या पानांच्या शिरासुद्धा शाबूत, आणि सोन्याच्या मधल्या मोकळ्या पोलादावर पाण्याच्या लाटांसारखा अगदी फिकट जौहर. हे पोलाद मुशीतले आहे, आपण ज्याला गजवेल म्हणतो त्या जातीचे. अशा पोलादातील कार्बनचे संयुग पट्ट्यापट्ट्यांनी जमते आणि आम्लाने उजळल्यावर त्या पट्ट्या दिसू लागतात. दख्खनमध्ये, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम येथे ते तयार होई आणि इराणी व्यापारी ते घेऊन जात. आमचे पोलाद तिथलेच असे म्हणायला आधार नाही. उरलेल्या पत्र्यावर सौम्य आम्ल लावून जौहर पुन्हा उमटवता येईल, पण तो मूळ कारागिराचा नसून माझा असेल. पट्टीची सूक्ष्म छायाचित्रे घेतली आणि चामड्याची जीभ पुन्हा जागेवर ठेवली.

१८ ऑगस्ट

मांडणीसाठी अंगरखा चढवायचे धड तयार झाले. जुन्या लाकडी आडव्या दांडीवर अंगरखा लटकत असल्याने खांद्यावरच्या कड्या सगळ्या भाराने उघडल्या होत्या; डबीतल्या ६३ कड्यांपैकी बहुतेक तिथल्याच. पॉलिथिन फोम कोरून खांद्यांना उतार दिला आणि त्यावर सुती कापड नवी पेठेतील गणवेश शिवणाऱ्या शिंप्याने चढवले. त्याने न विचारताच माप घेताना सांगितले की हा माणूस उजव्या खांद्याने किंचित उतरता होता. अंगरख्याची उजवी बाजू खरेच दोन ओळींनी लांब विणलेली आहे. आम्ही सूक्ष्मदर्शक लावून बसलो होतो आणि हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

गळालेल्या कड्या परत ओवायच्या नाहीत. रिकाम्या जागी नायलॉनच्या धाग्याचा आधार दिला, डबी पेटीतच ठेवायची.

२४ सप्टेंबर

सीना नदीला पूर आहे. माढा आणि मोहोळकडच्या गावांत पाणी शिरले आहे. आमचा एक मदतनीस तीन दिवस येऊ शकलेला नाही, फोन लागला तेव्हा घरचे सुखरूप आहेत एवढे कळले. खोलीत आर्द्रता ८४ टक्के. नव्या पेटीत मात्र ४४, कालही ४४, परवा ४३. लोखंडाला याहून कोरडे चालेल, चामड्याला याहून ओले, म्हणून ४० ते ४५ हा मधला आकडा धरला आणि मध्यम आर्द्रता धरून ठेवणारे सिलिका त्यासाठी आधी महिनाभर मुरवले. एप्रिलमध्ये हेच सिलिका उलट काम करील, म्हणजे पेटीतल्या हवेला ओलावा देईल, अशी अपेक्षा आहे.

पातळ सूक्ष्मस्फटिकी मेणाचा हात सर्व उघड्या धातूवर देऊन झाला. शेंदूर, हळद आणि जौहराची पट्टी वगळून.

२९ सप्टेंबर

घराण्यातील वडीलधारे आणि संग्रहालयाचे कर्मचारी, दोन्हींकडून एकच विचारणा आली: परवा खंडेनवमी आहे, पूजेचे काय? नकार देणे नियमाला धरून झाले असते. पण डाव्या दस्तान्यावरच्या बोटांना पुरावा म्हणून जपायचे आणि त्याच बोटांना पुढे पेटीबाहेर उभे करायचे, यात मला काहीतरी खोटे वाटले. दुसरीकडे, ताजी हळद आणि कुंकू पुन्हा धातूवर लावू देणेही शक्य नव्हते.

सौम्य पोलादाच्या एकाच पत्र्यातून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापल्या, घासून, ॲसिटोनने धुऊन, वाळवून ठेवल्या. त्यांपैकी एक पूजेसाठी.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी नऊला घराण्यातल्या आजी आल्या. पेटीसमोर पाट मांडला, त्यावर पट्टी ठेवली. हे चिलखत नाही, त्याच्या वतीने आहे, असे मी समजावायला गेले तर त्या म्हणाल्या, 'सुपारीचा गणपती चालतो, मग हे का नाही चालणार?' त्यांनी तीन बोटांनी हळद ओढली, वर कुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले. लिंबू कापू नका अशी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली. मग पेटीच्या काचेतून डाव्या दस्तान्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि या ओळी आपल्या सासूबाईंच्या हातच्या असतील, असे म्हणाल्या. खात्री करता येण्यासारखे काही नाही. 'घराण्यातील ज्येष्ठ स्त्रीचे तोंडी निवेदन' म्हणून नोंदवले.

३ ऑक्टोबर

फूल काढले, हळदकुंकू पट्टीवर तसेच ठेवले. दोन्ही पट्ट्या पेटीबाहेर, आर्द्रतामापकाशेजारी, एकाच तबकात ठेवल्या असून पुढच्या खंडेनवमीला त्यांवरचा गंज मोजायचा आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील तराजूवर पूजेआधी घेतलेली वजने अशी आहेत: कोरी पट्टी १४.९०७ ग्रॅम, पूजेची पट्टी १४.८६२ ग्रॅम. पूजेनंतर, हळदकुंकवासह, १४.९३१ ग्रॅम.